फिरायचंय की राहायचंय?

एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वय २८, कोथरूडला आईवडिलांबरोबर राहते. शिक्षण इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअरिंगचं, पण साडेपाच वर्षं हिंजवडीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. हातात ६२ हजार येतात, १५ हजार घरात देते, साडेचार लाख साठले आहेत. कोविडपासून घरून चालणारं काम कंपनीने आता पाचही दिवस ऑफिसात आणलं आहे. सुट्ट्या जोडून तिने आजवर सात ठिकाणं पाहिली. गेल्या ऑगस्टमध्ये आठ दिवसांसाठी स्पितीला गेली, दरड कोसळून रस्ता बंद झाला आणि काझाजवळच्या एका खेड्यात १९ दिवस राहिली. तेव्हापासून पुण्यात मन लागत नाही. वडील औषध कंपनीत एमआर होते. ते म्हणतात, "मी जन्मभर फिरती केली, काय मिळालं ते बघ." आई म्हणते, "आपल्यात असं कुणी करत नाही, आधी लग्नाचं बघू." आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या वर्षी करायचं आहे. तिचा प्रश्न असा: "ताई, फिरता फिरता पोटापुरतं मिळेल असं करिअर खरंच असतं का? असेल तर नोकरी आत्ताच सोडू का?"

तू मला ताई म्हटलंस, तेव्हा मीही अगं-तुगंच करते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. सात ठिकाणांची नावं आहेत त्यात. हंपी, मेघालय, केदारकंठा वगैरे सहा ठिकाणांना मिळून तू पाच ओळी दिल्या आहेस. पुढचं दीड पान त्या एका खेड्याचं आहे. तू त्या घरातल्या आजींबरोबर मटार तोडायला शेतात जायचीस. रेंज फक्त गच्चीवर, रचून ठेवलेल्या सरपणाशेजारच्या कोपऱ्यात यायची, आणि तिथे शाल गुंडाळून बसून तू ऑफिसच्या सॉफ्टवेअरचं एक रिलीज पार पाडलंस. बाराव्या दिवशी आजींनी तुला पाहुणी समजणं सोडलं आणि पाणी आणायला पाठवलं. त्या वाक्याखाली मी रेघ मारली आहे.

रस्ता बंद झाला की फिरायला आलेल्या माणसाचा जीव वरखाली होतो. तुला बरं वाटलं. तेव्हा करिअरबिरिअर बाजूला ठेवून आधी मला सांग, तुला फिरायचंय की दुसऱ्या गावी जाऊन राहायचंय? मी एवढा कीस पाडते आहे, कारण जी कामं माणसाला गावोगाव नेतात त्यांतली बहुतेक त्याला कुठेही राहू देत नाहीत.

हे मी ऐकीव सांगत नाही. नऊ वर्षं मी स्वतः टूर मॅनेजर होते. आग्र्याला बावीस-तेवीस वेळा तरी गेले असेन. ताजमहालात खाण्याच्या वस्तू नेऊ देत नाहीत, त्यामुळे त्यातल्या बहुतेक वेळा मी दरवाज्याबाहेर लोकांच्या चिवड्याच्या आणि बेसनलाडवांच्या पिशव्या राखत बसलेली. पहाटे साडेचारला बेचाळीस माणसांना खोलीवर फोन करून उठवायचं, बसमध्ये डोकी मोजायची, एक कमी भरायचं. ते डोकं हॉटेलच्या फ्रिजमध्ये राहिलेलं इन्सुलिन आणायला परत गेलेलं असायचं. मला ते काम आवडायचं, कारण मला माणसं आवडतात. सोलंगला पहिल्यांदा बर्फ हातात घेऊन रडलेल्या सत्तरीच्या काकू मला अजून दिवाळीला फोन करतात. पण जागा मी एकही पाहिली नाही. शेवटच्या हंगामाचा भत्ता कंपनीने आठ महिने लटकवला, ते असो. (कुणाला या कामात यायचंच असेल तर दिवसाचा भत्ता, हंगामातले किमान दिवस आणि सहल रद्द झाल्यास काय, हे तिन्ही कागदावर घ्या. पर्यटन मंत्रालयाचा टुरिस्ट फॅसिलिटेटरचा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, तो सुरुवातीला बरा. खरी शाळा मात्र बसमध्येच.)

तुझ्यासारखी पत्रं अलीकडे बरीच येतात आणि त्यांत बारावीतली मुलंही असतात, म्हणून थोडं त्यांच्यासाठी. मर्चंट नेव्हीचं आकर्षण पुण्यात जुनं आहे, तळेगावजवळ तोलानी इन्स्टिट्यूट आहे म्हणूनही असेल. त्याचा विचार बारावीतच केलेला बरा. पैसा चांगला, पण जग पाहायला म्हणून जाऊ नका. कंटेनरचं जहाज आता बंदरात बऱ्याचदा एक दिवससुद्धा थांबत नाही. सिंगापूर पाहिलं म्हणजे सिंगापूरच्या क्रेन पाहिल्या. त्या कामाची खरी मिळकत म्हणजे चार ते नऊ महिने जहाजावर काढल्यावर घरी मिळणारी सलग सुट्टी. त्या सुट्टीत कुठे जायचं ते तुमचं तुम्ही ठरवता.

डोंगराची ओढ असलेल्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा २८ दिवसांचा बेसिक कोर्स करावा. पुण्यात गिरीप्रेमी या गिर्यारोहकांच्या संस्थेची शिक्षणसंस्था आहे, तिथे आधी चौकशी करावी. ट्रेक लीडर होऊन हौस नक्की भागते. घर चालेलच असं नाही, कारण हंगाम संपला की काम संपतं. आणि ज्यांना अगदीच टोक गाठायचंय त्यांच्यासाठी एक गंमत. अंटार्क्टिकाच्या भारतीय मोहिमेला फक्त शास्त्रज्ञ लागत नाहीत. मैत्री आणि भारती या तळांवर डॉक्टर, स्वयंपाकी, सुतार, मेकॅनिक असे सगळे लागतात. गोव्यातली राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही संस्था त्यांची भरती करते. आयटीआय केलेल्या मुलाला तिथे जाता येतं, हे आपल्याकडे कुणी सांगतच नाही. प्रवासाचे व्हिडिओ करून कमावण्याबद्दलही बरेच जण विचारतात. ते दुकान टाकण्यासारखं आहे. दोन-तीन वर्षं गल्ल्यात काही पडलं नाही तरी चालणार असेल तर टाका.

आता तुझ्याकडे येते. तुला राहायचं असेल, असं मी धरून चालते, तर तुझ्यापुढे दोन वाटा दिसतात. एक तुझ्या डोक्यात आहे. दुसरी तू पत्रात लिहून गेलीस आणि तुझ्याच लक्षात आली नाही.

पहिली वाट म्हणजे काम पाठीवर टाकून न्यायचं. टेस्टिंगला हे जमण्यासारखं आहे. तुझी कंपनी नाही म्हणत असेल तर दुसरी बघ. मात्र 'रिमोट' हा शब्द ऑफर लेटरमध्ये छापलेला हवा. एचआरच्या गोड बोलण्यातला रिमोट सहा महिन्यांत आटतो, हे तू भोगलंच आहेस. आणि परदेशाचे बेत तूर्त बाजूला ठेव. टुरिस्ट व्हिसावर बसून नोकरी करायची परवानगी बहुतेक देशांत नसते, 'सगळेच करतात' हे इमिग्रेशनच्या खिडकीवर चालत नाही. शिवाय कंपनीचा लॅपटॉप तिच्या नकळत देशाबाहेर उघडणं म्हणजे नोकरी घालवण्याचा सोपा उपाय. लॅपटॉपवाल्यांसाठीचे वेगळे व्हिसे निघालेत, पण त्यांची मापं आपल्या पगाराची नाहीत. थायलंडने २०२४ मध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढला, दर खेपेला १८० दिवस राहता येतं. छान आहे, पण खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात, म्हणजे आपले बारा लाखांहून जास्तच. मलेशियाला तुझ्या क्षेत्रातल्या माणसाचं वर्षाचं उत्पन्न किमान २४ हजार डॉलर हवं. तुझा पगार आणि तुझी साठवण दोन्ही त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. वाईट वाटून घेऊ नकोस. देशातच तुला दहा वर्षं पुरतील एवढी गावं आहेत, आणि तुझं मन जिथे अडकलंय त्या गावाला व्हिसा लागत नाही.

देशातल्या देशातही बारकावे आहेत. लडाखमध्ये आपलं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड लागतं. अरुणाचल, नागालँड, मिझोराम, मणिपूरला इनर लाइन परमिट, म्हणजे राज्यात शिरायचा परवाना, काढावं लागतं आणि त्याला मुदत असते. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिम ठेव. घर ठरवण्याआधी मालकाला "नेट आहे का" असं विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. "लाइट गेल्यावर नेट किती वेळ चालतं" असं विचार.

आता हिशेब मांडू. त्या आजींच्या घरी तू जेवणासकट रोज १,२०० रुपये देत होतीस असं लिहिलं आहेस. महिन्याचे झाले ३६ हजार. घरात द्यायचे १५ हजार. विमा, फोन, येणंजाणं मिळून पाच हजार धर. एकूण ५६ हजार. म्हणजे आजचा पगार शाबूत राहिला तरी महिन्याला सहा हजार उरतील, आणि पगार थांबला तर साडेचार लाख आठ महिन्यांत संपतील. पुण्यात तुला भाडं पडत नाही, जेवण पडत नाही, हे आपण विसरतो. त्यामुळे तिथे महिन्यासाठी म्हणून भाव ठरवायचा. रोजचा भाव पाहुण्याचा असतो. पाणी भरायला गेलेल्या मुलीला तो कमी करून मागता येतो.

फ्रीलान्सिंगचं मनात असेल तर आणखी थोडं ऐक. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेपर्यंत सेवांवर साधारणपणे जीएसटीची नोंदणी लागत नाही. वर्षाचा कर दहा हजारांच्या वर जाणार असेल तर ॲडव्हान्स टॅक्स मात्र स्वतः भरावा लागतो. आजवर कर पगारातून आपोआप कापला जायचा, म्हणून कधी जाणवला नाही. एखादा सीए गाठ आणि पहिल्या वर्षापासून रिटर्न नीट भर, कारण उद्या घराचं कर्ज मागायला गेलीस की बँक पगाराच्या स्लिपऐवजी दोन-तीन वर्षांची रिटर्न मागणार.

आणि आत्ताच राजीनामा देऊ का, या प्रश्नाचं उत्तर तुझ्या पत्रातल्या सगळ्यात साध्या ओळीत आहे. आईचं ऑपरेशन. आईवडील तुझ्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये आहेत का, ते उद्या एचआरला विचार. असतील तर ऑपरेशन होईपर्यंत राजीनाम्याचा विषय नको. ती पॉलिसी नोकरीबरोबर जाते, आणि आता नवी काढली तर आधीपासूनच्या दुखण्याला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. तुझी स्वतःची पॉलिसीसुद्धा नोकरीत असतानाच काढ. ऑपरेशननंतर दोनेक महिने घरात माणूस लागेल, त्यालाही तूच असशील. एवढं झालं की पुढची तारीख ठरव.

मधल्या काळात एक चाचणी करून बघ, तुझाच धंदा आहे तो. जुलैत कोकणात जा. दापोलीकडे कुठेही तीन आठवड्यांसाठी खोली घे, काही दिवस रजा टाक, काही दिवस घरून काम मागून घे. ऑगस्टमधल्या स्पितीच्या प्रेमात कुणीही पडतं. जुलैत कोकणात पावसाने लाइट जाते, रेंज जाते, कपडे चार चार दिवस वाळत नाहीत, चपलांवर बुरशी धरते. संध्याकाळी सातला काम संपतं आणि बोलायला खोलीवाल्या मावशींशिवाय कुणी नसतं, त्याही मालिका बघत असतात. तिसऱ्या आठवड्यात तुला तिथून निघावंसं वाटलं नाही, तर तुझी ओढ खरी. आणि वाटलं, तर एसटीचं तिकीट फार महाग नाही.

दुसरी वाट तुझ्या डिग्रीत आहे. पुण्यात सगळ्यात जास्त फिरणारा माणूस कोण, असं कुणी मला विचारलं तर मी लॅपटॉपवाल्याचं नाव घेणार नाही. मी भोसरी-चाकणच्या कारखान्यांतल्या कमिशनिंग इंजिनिअरकडे बोट दाखवीन. थरमॅक्सचे बॉयलर, प्राजचे इथेनॉलचे प्लांट इथून देशोदेशी जातात, आणि त्यांच्यासारख्या मोठ्यांच्या मागे ऑटोमेशनची कामं करणाऱ्या लहान कंपन्या भरपूर आहेत. यंत्र कंटेनरमधून जातं, पण ते सुरू करून द्यायला मागोमाग माणूस जावा लागतो. लूप, म्हणजे यंत्रावरच्या मोजमापाच्या जोडण्या, चेक करायचे, पीएलसीचा, म्हणजे यंत्र चालवणाऱ्या छोट्या कंप्युटरचा, प्रोग्राम जागेवर बसवायचा, गिऱ्हाइकासमोर साइट ॲक्सेप्टन्स टेस्ट पार पाडायची. टेस्ट, बरं का. साडेपाच वर्षं तू सॉफ्टवेअरच्या चुका शोधल्यास, त्याच नजरेचं हे काम, फक्त समोर स्क्रीनऐवजी व्हॉल्व्ह असतो. आणि एकेका साइटवर दोन-दोन, तीन-तीन महिने राहावं लागतं. व्हिसा, तिकीट, राहणं कंपनी बघते. तुझ्यासारख्या 'राहणारी'ला याहून सोयीचं काय!

घाईने हुरळू नकोस. माझा भाचा हे काम करतो, त्याच्या साइट कुणी फोटोत लावण्यासारख्या नसतात. कारखान्याचं गेस्टहाऊस, उशीला मळीचा वास, रात्री अडीचला फोन की प्रेशर चढत नाहीये. जागा तू निवडत नाहीस, ऑर्डर निवडते. बाई म्हणून साइटवर स्वच्छतागृह कुठे आहे इथपासून विचारावं लागतं, आणि ते मुलाखतीतच विचारायचं, लाजायचं नाही. पगार सुरुवातीला आजच्यापेक्षा कमी मिळेल, कारण कागदोपत्री तू नवखी. पीएलसी आणि स्काडाचा (म्हणजे कारखान्यावर स्क्रीनवरून नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरचा) दोन-तीन महिन्यांचा शनिवार-रविवारचा क्लास पुण्यात मिळतो, तो नोकरी न सोडता कर. तुझ्या बॅचमधले सगळेच काही हिंजवडीला गेले नसतील. जे भोसरीला राहिले त्यांतल्या दोघांना फोन कर आणि मागच्या वर्षी किती रात्री घराबाहेर काढल्या ते विचार. ज्या मुलामुलींनी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल करून आयटी धरलं आणि आता 'फिरायचंय' म्हणून पत्रं लिहितात, त्यांनाही हेच सांगणं आहे.

माझा कौल विचारशील तर दुसऱ्या वाटेला आहे. पण कोकणात तीन आठवडे काढून आल्यावर तुझा कौल वेगळा पडला तर मला कळव, मी वाद घालणार नाही.

आई म्हणते आपल्यात असं कुणी करत नाही. तिला वरसईच्या विष्णुभट गोडशांची गोष्ट सांग. घरावर कर्ज होतं, मथुरेला मोठा यज्ञ होणार आणि भरपूर दक्षिणा मिळणार असं कळलं, म्हणून हे भिक्षुक काकांना बरोबर घेऊन कोकणातून उत्तरेला निघाले. साल १८५७. बंडाच्या ऐन धुमाळीत सापडले, झाशीच्या वेढ्यात अडकले, लुटले गेले आणि शेवटी गंगेची कावड घेऊन घरी परतले. दक्षिणेचा हिशेब काही जमला नाही, हे आईला सांगायचं की नाही ते तू ठरव. लग्नाबद्दल मी मध्ये पडत नाही. पण स्थळं बघताना तुझी महिनोन्‌महिने बाहेर राहायची इच्छा पहिल्या भेटीतच सांगा, लपवू नका. एके काळी फिरतीच्या नोकरीतल्या मुलाला मुलगी देताना लोक दहादा विचार करायचे, तसा समोरचा मुलगाही करील. करू दे.

राहिले बाबा. "काय मिळालं ते बघ," एवढंच त्यांचं वाक्य तू लिहिलं आहेस. पुढे काही विचारलंस का? टार्गेट, डॉक्टरांच्या दाराबाहेर बॅग घेऊन ताटकळणं, आउटस्टेशनचा डीए, म्हणजे बाहेरगावचा भत्ता, वाचावा म्हणून स्वस्तातलं लॉज, यांचा त्यांना वैताग आला असणार, तो खराच. पण तीस वर्षं त्याच त्याच गावांत जाणारा माणूस तिथे कुणालाच ओळखत नसेल, हे मला पटत नाही. कुठल्या एसटी स्टँडवरचा चहा चांगला, कुठला केमिस्ट रात्री उशिरा जेवायला घरी न्यायचा, कुठल्या लॉजवाल्याच्या मुलीच्या लग्नाला ते गेले होते, हे त्यांना आठवत असणार. एमआर लोकांना रोजच्या भेटींचा रिपोर्ट लिहावा लागायचा, आणि बरेच जण त्याची एक नक्कल स्वतःजवळ वहीत ठेवायचे. तुमच्या माळ्यावर असल्या वह्या असतील तर दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जायच्या आत खाली काढ, आणि एखाद्या रविवारी बाबांसमोर उघडून बस.